माळ्यावर खुडबुड: बी विंगच्या ग्रुपवरून

बी-७०२ (रात्री ११:४०): कुणी जागं आहे का? थंडी सुरू झाल्यापासून आमच्या माळ्यावर रोज खुडबुड. लेक घाबरून आमच्या खोलीत झोपायला आलीये.

बी-७०१: आमच्या फॉल्स सीलिंगमध्येही तेच. मी चिकट पॅड मागवलेत. जास्तीचे दोन देतो.

बी-१०३: पॅड परत कर रे. चिकटलेला उंदीर लगेच मरत नाही, तासन्‌तास ओरडत राहतो, सुटायला स्वतःचा पाय कुरतडतो. तो पॅड उचलणार कोण? मी एकदा उचललाय. पुन्हा नाही.

बी-२०४: मग औषध टाकू, काका. संपला विषय.

बी-१०३: संपत नाही ना! औषध खाऊन भिंतीत मेला, तर वास कित्येक दिवस आपणच घ्यायचा. तो अर्धमेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला, तर विष त्यांच्या पोटात. आणि भोक उघडंच, म्हणजे ऊब शोधत दुसरा हजर. भोक बुजवा, बाकी सगळी मलमपट्टी.

बी-७०२: पण काका, भोक दिसतच नाही.

बी-१०३: अगं, मोठं शोधतेस म्हणून. छोट्या उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल घेऊन फिर, जिथे ती शिरेल तिथे संशय घे. एसीचा पाइप, सिंकखालचा पाइप, एक्झॉस्टची जाळी, दाराखालची फट. दिवसा माळ्यावर दिवा बंद करून बस, उजेड कुठून येतो ते बघ.

बी-५०१: उंदीर पळवणारं अल्ट्रासोनिक मशीन घेऊ नका कुणी. आमच्याकडे दोन आठवडे शांतता होती. मग एक महाशय त्याच मशीनवर बसलेले दिसले.

बी-३०३: डांबरगोळ्या टाका की.

बी-२०१: नको हो! लहान मुलं गोळी समजून तोंडात घालतात, विषारी असतात त्या.

बी-१०३: आणि सापडलं म्हणून लगेच बुजवू नकोस. आत कोण आहे ते आधी बघ. पिल्लं आत आणि आई बाहेर राहिली तर पिल्लं उपाशी मरतील. भोकात कागदाचा बोळा सैल खोच. सकाळी बाहेर पडलेला दिसला तर येजा चालू आहे. दोन-तीन रात्री जागेवरच राहिला, तर बुजव, पण नुसत्या फोमने नको.

बी-७०२: खार असेल का?

बी-१०३: दिवसा आवाज असता तर म्हणालो असतो. रात्री आहे म्हणजे बहुधा उंदीर. लांब सोंड आणि उग्र वास असेल तर चिचुंद्री. ती वायरी कुरतडत नाही, झुरळं खाते. दार उघड, जाईल.

बी-४०२: आमच्या छज्ज्याच्या फटीत वटवाघळं आहेत, ती फट पण बुजवू?

बी-१०३: आत्ता अजिबात नको. ती आत कोंडली तर मरतील. खोलीत एखादं शिरलं तर दिवे बंद, खिडकी उघडी, आतलं दार लावून घ्या. उघड्या हाताने धरू नका. चावलं तर त्याच दिवशी डॉक्टर, रेबीजचा धोका असतो.

बी-७०१: पिंजरा चालेल का, काका?

बी-१०३: चालेल, पण सकाळ-संध्याकाळ बघायचा. थंडीत विसरलास तर तो आतच गारठतो. थोडा मऊ कागद टाक. लांब नेऊन सोडलेले अनोळखी जागी बहुधा टिकत नाहीत, जवळच सोड. भोक मात्र आधी बुजव, नाहीतर तुझ्या आधी घरी पोहोचेल.

*(आठ दिवसांनी)*

बी-७०२: एसीच्या पाइपशेजारीच होतं! पहिल्या रात्री बोळा बाहेर. मग आतून ढकलली की उघडेल अशी एकेरी झडप लावली. नंतर तीन रात्री बोळा हलला नाही. काल स्टील वूल (बारीक तारांचा गुंता) कोंबून वर सीलंट मारलं. नुसता फोम नको म्हणालात ते पटलं, जुन्या फोमचा भुगा झालेला.

बी-१०३: पुढचे दात आयुष्यभर वाढतात त्यांचे, झिजवायला काही तरी लागतंच. घरटं होतं का?

बी-७०२: हो, रिकामं. कागदाच्या चिंध्या आणि लेकीचा हरवलेला मोजा.

बी-१०३: कोरडा झाडू मारू नकोस, धूळ उडते. हातमोजे घालून जंतुनाशक शिंपड, पाच मिनिटं थांब, मग पूस. मोजा टाकून दे.

बी-७०२: ती म्हणतेय, त्यांना थंडीत लागेल, खाली झुडपात ठेवू या.

बी-७०१: पॅड परत गेले. स्टील वूल उरलंय का, ताई?