मदत हवी आहे: बेल्ट बदलला तरी टर्नटेबल रेंगाळतंय (रविवारच्या आत उत्तर हवंय)

रोड्सवेडा (सांगली), गुरुवार, रात्री ११:४०

थेट मुद्द्यावर येतो. टर्नटेबल हळू फिरतंय. कुठलीही तबकडी लावा, अख्खा बँड जेवणावर ताव मारून नुकताच उठल्यासारखा वाजतो. नवा बेल्ट मागवला, घातला, काडीचा फरक नाही. बेअरिंग पुसलं, तेलाचा थेंब सोडला. तेच.

घाई अशासाठी की साताऱ्याच्या एका काकांनी आनंद शंकरांची १९७५ची 'आनंद शंकर अँड हिज म्युझिक' चार दिवसांच्या बोलीवर दिली आहे. मूळची, तेव्हाचीच. ज्यांना माहीत आहे त्यांचे कान आत्ताच टवकारले असतील. बाकीच्यांसाठी: उदय शंकरांचा मुलगा, रविशंकरांचा पुतण्या, आणि सतारीच्या खाली फंकचे, म्हणजे अमेरिकी नाचऱ्या ठेक्याचे ड्रम, शेजारी 'मूग' नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर काढणारं वाद्य. नव्वदच्या दशकात इंग्लंडातल्या डीजेंनी 'डान्सिंग ड्रम्स' आणि 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता' क्लबात वाजवायला घेतलं आणि तेव्हापासून ही तबकडी धड हाताला लागत नाही. मी सहा वर्षं शोधतोय. रविवारी संध्याकाळी परत करायची आहे, त्याआधी लॅपटॉपवर उतरवायची आहे.

यूट्यूबवर आहे हे मला माहीत आहे. तो सल्ला नको.

भडंग, गुरुवार, रात्री ११:५२

यूट्यूबवर आहे की.

वायरमन, शुक्रवार, सकाळी ६:१०

मॉडेल कोणतं?

आयर्विनपूल, शुक्रवार, सकाळी ७:३५

तबकडी आधी धुवून घ्या. २०१९च्या पुरात पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या तळघरात दोनशेच्या आसपास एलपी होत्या. कव्हरांचा लगदा झाला, पण तबकड्या वाचल्या. रीत सांगतो. वाहत्या पाण्याखाली गाळ आपोआप सुटू द्यायचा, बोटानं अजिबात घासायचं नाही, कारण गाळातली वाळू खाचा खाते. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोनच थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेनंच, शेवटी मेडिकलमधल्या डिस्टिल्ड वॉटरनं धुणं. मधल्या कागदी लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. वाळवायला उभ्या, भांड्यांच्या स्टँडात. आमच्या हिनं पंधरा दिवस ताटं जमिनीवर ठेवली.

रोड्सवेडा, शुक्रवार, सकाळी ८:०५

काका, धन्यवाद, पण तबकडी स्वच्छ आहे. पुरात माझं काही गेलं नाही. वेग कमी आहे, वेग.

विलिंग्डन८७, शुक्रवार, सकाळी ९:२०

व्होल्टेज. दुसरं काही नाही. आमच्याकडे संध्याकाळी १९० वर येतं, मिक्सरसुद्धा रडतो. चांगला स्टॅबिलायझर घ्या. मी १९९४ साली घेतलेला अजून चालतोय, फ्रिज दोन झाले, स्टॅबिलायझर तोच.

कंदीपेढा (सातारा), शुक्रवार, सकाळी ९:४१

४५ फेऱ्यांच्या वेगावर लावा की राव. हळू आहे ना? बटण पुढं करा. झालं.

वायरमन, शुक्रवार, सकाळी ९:४४

मॉडेल कोणतं? फोटो तरी डकवा.

षड्जपंचम, शुक्रवार, सकाळी १०:१५

मला प्रश्नच वेगळा पडतो. सतारीखाली ड्रम बडवून काय मिळतं? राग राग राहत नाही, जाझ जाझ राहत नाही. मिसळीवर चीज घातल्यासारखं. हळू वाजतंय तर बरंच आहे, निदान सतार ऐकू येत असेल.

जवारी (मिरज), शुक्रवार, सकाळी ११:०२

षड्जपंचम, मिरजेपासून सहा मैलांवर बसून हे लिहिताय म्हणून बोलते. ज्या खाँसाहेबांच्या नावानं दर्ग्यात दर वर्षी गाणं होतं, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी कर्नाटकी सरगम ऐकली, आवडली, आणि आपल्या गाण्यात घेतली. त्या काळातही कुणाला ती मिसळ वाटलीच असेल. 'शक्ती' या बँडमध्ये इंग्रज जाझवाल्या जॉन मॅक्लॉफलिनच्या गिटारीशेजारी झाकीरभाईंचा तबला आणि विनायकरामांचा घटम एकत्र वाजले, तेव्हा यातलं कोण बाटलं? उलट इकडच्या तालाला तिकडचे कान मिळाले. बाकी चीज मलाही चालत नाही.

रोड्सवेडा, तुमच्यासाठी: 'हळू' म्हणजे किती? स्वरात सांगा. हार्मोनियम किंवा फोनवरचा ट्यूनर घ्या, मूळ पट्टी माहीत असलेली एखादी तबकडी लावा. आणि आवाज एकसारखा उतरलाय की मधूनच लडबडतोय? बेल्ट निसटत असेल तर लडबडेल.

षड्जपंचम, शुक्रवार, सकाळी ११:२०

खाँसाहेबांची तुलना ड्रमशी? धन्य आहे.

भडंग, शुक्रवार, सकाळी ११:२५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सॉरी, भडंग घेऊन.

रोड्सवेडा, शुक्रवार, दुपारी १:३०

जवारीताई, पहिला कामाचा प्रश्न. केलं. जाझ पियानोवाल्या हर्बी हॅनकॉकची 'हेड हंटर्स' (१९७३) लावली, पहिलंच 'कॅमेलिअन'. त्याची बेसलाइन मला झोपेतही ओळखता येते. ती वाजवायला बेस गिटारसुद्धा नाही, हॅनकॉकनं सिंथेसायझरवर धरली आहे, आणि तीच चिवटपणे फिरत राहते, चिकटलेल्या गुळासारखी. पट्टी हार्मोनियमवरची काळी पाच. माझ्याकडे पांढरी पाचला वाजतेय. किंबहुना पांढरी पाचच्याही एक केस खाली. लडबड अजिबात नाही, अगदी स्थिर.

घड्याळही लावलं. पावणेसोळा मिनिटांच्या आतलं ते गाणं, मला जवळजवळ एकोणीस मिनिटं लागली.

कंदीपेढा, शुक्रवार, दुपारी १:४०

एकोणीस मिनिटांचं गाणं? मधे चहा होतो.

जवारी, शुक्रवार, दुपारी २:१०

काळी पाचवरून पांढरी पाच, म्हणजे बरोबर तीन पट्ट्या खाली, शिवाय थोडी घसर. स्थिर असेल तर बेल्टचा गुन्हा नाही, तेलाचाही नाही. मोटरच ठरवून हळू फिरतेय. पुढचं विजेवाले सांगतील.

अजिंक्यतारा (सातारा), शुक्रवार, दुपारी ३:०५

पावणेसोळाचे एकोणीस म्हणजे साधारण पाचाला सहा. हा आकडा ओळखीचा आहे. एक करा. फोनवर आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे मोजणारं ॲप टाका, फोन टर्नटेबलच्या फिरत्या ताटावर मध्यभागी ठेवून फिरवा, आकडा सांगा. आणि हे यंत्र घेतलं कुठून?

रोड्सवेडा, शुक्रवार, दुपारी ३:५०

२७.८. तीनदा मोजलं.

घेतलं नाही, भावोजींनी न्यू जर्सीहून आणलं, तिथल्या एका गराज सेलमधून. ११० व्होल्टचं आहे, पण त्याचा काही प्रश्न नाही, डबा लावूनच चालवतो. पहिल्या दिवसापासून.

वायरमन, शुक्रवार, दुपारी ३:५८

अहो देवा! हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं.

डबा २२० चे ११० करतो. हर्ट्झ, म्हणजे विजेचे सेकंदाला पडणारे ठेके, नाही बदलत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. तुमची मोटर सिंक्रोनस दिसतेय, म्हणजे ती विजेच्या दाबावर नाही, तर विजेच्या ठेक्यावर फिरते. ठेका सहातला एक गाळला की ताटही गाळतं. एलपीचा खरा वेग मिनिटाला ३३.३३ फेरे; त्याला ६० नं भागून ५० नं गुणा: २७.७८. तुमचं ॲप खोटं बोलत नाही. आणि म्हणूनच विलिंग्डनसाहेबांचा स्टॅबिलायझर इथं शोभेची वस्तू आहे.

मॉडेल कोणतं? काही मॉडेलांना ५० हर्ट्झची वेगळी पुली, म्हणजे मोटरवरची बेल्ट ओढणारी चकती, मिळते.

विलिंग्डन८७, शुक्रवार, दुपारी ४:१५

स्टॅबिलायझर कधीच वाया जात नाही.

कंदीपेढा, शुक्रवार, दुपारी ४:२२

म्हणजे ४५ वर लावलं तर?

अजिंक्यतारा, शुक्रवार, दुपारी ४:३०

तर ४५ चे होतील ३७.५. हवेत ३३.३३. साडेबारा टक्के जास्त, म्हणजे दोन पट्ट्या वर. आनंद शंकर मुंग्या चावल्यासारखे वाजवतील.

रविवारसाठी सोपा मार्ग: आहे तसं, हळूच उतरवून घ्या. मग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चेंज स्पीड'ला (नव्या आवृत्तीत 'चेंज स्पीड अँड पिच') गुणक १.२ द्या. वेग आणि पट्टी दोन्ही जागेवर येतील. फोनो प्रीअँपचं आरआयएए करेक्शन, म्हणजे तबकडीवरचे खर्ज-तार स्वर परत तोलात आणणारी दुरुस्ती, चुकीच्या वेगावर लागल्यामुळे आवाजाचा पोत किंचित सरकतो, पण घरच्या ऐकण्याला चालून जाईल.

रोड्सवेडा, शनिवार, रात्री १२:२०

केलं. वेग बरोबर आला पण सतार अजून झोपलेलीच. पट्टी तिथंच.

अजिंक्यतारा, शनिवार, सकाळी ६:४५

'चेंज टेम्पो' दाबलंत. टेम्पो नाही, स्पीड. एक ओळ चुकलात.

रोड्सवेडा, शनिवार, सकाळी ९:१०

टेम्पोच दाबलं होतं. आता स्पीडनं केलं.

हे लिहितोय आणि अंगावर काटा आहे. 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता'त ड्रम सुरू होतात आणि सतार त्यांच्या अंगावर धावून जाते, ते मी इतके दिवस लंगडत ऐकत होतो. शेजारचे आजोबा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं आवाज कमी करायला सांगतील. म्हणाले, "हे जुन्या पिच्चरचं पार्श्वसंगीत का रे?" आणि खुर्ची ओढून बसले.

दोन्ही बाजू उतरल्या. पण मला यंत्रच नीट करायचं आहे. 'ऑन द कॉर्नर'ची तबकडी अजून तशीच पडून आहे. १९७२मध्ये त्यात जाझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसनं फंकमध्ये बादल रॉयचा तबला घातला. हा माणूस मूळचा कोमिल्ल्याचा, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात वाजवताना मॅक्लॉफलिनच्या नजरेत भरला. तो तबला तीन पट्ट्या उतरवून मला ऐकवत नाही.

षड्जपंचम, शनिवार, सकाळी ९:३०

हॉटेलात वाजवणारा, हेच म्हणतोय मी.

जवारी, शनिवार, सकाळी ९:४५

आमचे वडील सतारींची जवारी काढतात, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद जुळवतात; दिवसभर कानस आणि घोडी. त्यांना काल हा धागा वाचून दाखवला. म्हणाले, वाद्य कुठं वाजलं यानं त्याचा सूर ठरत नाही. तुम्हाला चहाला बोलावलंय त्यांनी. खरंच या.

कुपवाडचालेथ, शनिवार, सकाळी १०:२०

रोज नुसतं वाचतो, आज लिहितो. पुलीच करायची तर मॉडेलबिडेल कशाला पाहिजे? मोटरच्या शाफ्टवरची पुली काढून आणा. एमआयडीसीत अर्ध्या तासाचं काम आहे, ॲल्युमिनियमच्या तुकड्यात. व्यास वीस टक्के वाढवायचा, ३३ आणि ४५ अशा दोन्ही पायऱ्या. शाफ्टचं भोक मात्र अचूक पाहिजे, नाहीतर डुलेल. त्यापेक्षा सेलोटेप गुंडाळायचा जुगाड कुणी सांगेल तर ऐकू नका, चार दिवसांत गोंद सुटतो.

कंदीपेढा, शनिवार, सकाळी १०:२५

मी आत्ता तेच लिहीत होतो.

रोड्सवेडा, रविवार, रात्री १०:३०

तबकडी काकांना साताऱ्यात पोचवली. त्यांनी आधी उन्हात तिरकी धरून दोन्ही बाजू पाहिल्या, मगच चहा ठेवला. त्यांच्याकडे 'इंडो-जाझ सूट'ही आहे, सॅक्सोफोनवाला जो हॅरियट आणि व्हायोलिनवाला जॉन मेयर यांची, १९६६ची. "यंत्र दुरुस्त कर, मग बघू," म्हणाले. उद्या कुपवाड.

रोड्सवेडा, मंगळवार, रात्री ९:१५

वृत्तांत. जुनी पुली व्हर्नियरनं ९.२ मिलिमीटर आली. गुणिले १.२ म्हणून ११.०४ ची करवली. लेथवाल्या दादांनी पैसे घेतले नाहीत, फक्त 'हे कशाचं?' म्हणून विचारलं आणि मी पाऊण तास बोलत बसलो. घरी आणून लावली. ॲप म्हणतं ३३.०. जवळ आलं, पण ३३.३ नाही. कुठं चुकलं?

अजिंक्यतारा, मंगळवार, रात्री ९:४०

बेल्टची जाडी विसरलात. ताट ओढतो तो बेल्टचा मध्य, पुलीचा पृष्ठभाग नाही. बेल्ट किती जाड?

रोड्सवेडा, मंगळवार, रात्री ९:५२

०.६.

अजिंक्यतारा, मंगळवार, रात्री १०:०१

मग ९.२ अधिक ०.६ म्हणजे ९.८. गुणिले १.२, ११.७६. वजा ०.६, म्हणजे ११.१६. तेवढी करून आणा. ४५ च्या पायरीलाही हाच हिशेब.

कुपवाडचालेथ, मंगळवार, रात्री १०:१०

या उद्या. मोठी करायची म्हणजे नवा तुकडा लागणार, कापलेलं परत चिकटत नाही. येताना ती कॅमेलिअनवाली तबकडी मोबाईलवर तरी घेऊन या, पोरं ऐकू म्हणतायत.

रोड्सवेडा, बुधवार, संध्याकाळी ७:४०

३३.३. काळी पाचला काळी पाच. लेथच्या आवाजात 'कॅमेलिअन' ऐकलं, मधल्या सुट्टीत मशीन बंद करून पुन्हा ऐकलं. सर्वांचे आभार. धागा बंद करायला हरकत नाही.

आयर्विनपूल, बुधवार, रात्री ८:०५

अभिनंदन. आता तरी तबकड्या धुवून घ्या, पावसाळा जवळ आला. आणि तळमजल्यावर ठेवू नका.

वायरमन, बुधवार, रात्री ८:२०

सगळं झालं. पण मॉडेल कोणतं?