निळी रेषा शासनाची, पण दारात येऊन लोक विचारतात नगरपरिषदेला

माजी नगरसेवक:
मी पाच वर्षं नदीकाठच्या वॉर्डातून निवडून गेलो होतो म्हणून हे लिहितोय. पूररेषा नकोच असं माझं म्हणणं नाही. जलसंपदा विभाग २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आखतो आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल, नदीपासून निळ्यापर्यंत निषिद्ध क्षेत्र म्हणजे नवं बांधकाम बंद, निळ्या-लालच्या मधे नियंत्रित म्हणजे अटींवर. ठीक आहे. पण आमच्याकडे जुनी बाजारपेठ आणि अख्खी मूळ वस्ती निळ्याच्या आत गेली, ही माणसं तीन पिढ्या घरपट्टी भरतायत हो! वॉर्डातल्या एक आजी तीन वेळा बांधकाम परवानगीचा अर्ज घेऊन आल्या, मागची भिंत फुगलेली, वर ताडपत्री, आणि आम्ही तिन्ही वेळा नाही म्हणून परत पाठवलं. रेषा आखताना आम्हाला विचारलं नाही, पुनर्वसनाला पैसा नाही, पर्यायी जागा नाही. ज्यानं रेषा आखली त्यानं या लोकांचं काय करायचं ते पण सांगावं, एवढंच मागणं आहे.

पंचगंगेकाठची:
दादा, तुमचं दुःख समजतं पण मला अजिबात पटलं नाही. आमच्या कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं आणि २०२१ ला परत ५५ च्या वर. दोन वर्षांत दोनदा! आमच्या घरात स्विचबोर्डाच्या वर हातभर चिखलाची रेघ उमटली होती, दोनदा रंग दिला तरी पावसाळा आला की ओल तिथूनच वर येते. पाणी उतरल्यावर कणगीतला जोंधळा मोड येऊन आंबला होता, तो वास मी विसरू शकत नाही. आणि त्याच दोन वर्षांच्या मधे आमच्या मागच्या शेतात डंपरनं मुरूम टाकून प्लॉट पडले. ती परवानगी मुंबईहून नाही आली, इथल्याच लोकांनी दिली किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. म्हणून नियम वरूनच पाहिजेत, गावातल्या माणसाला गावातल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

नगररचनावाला:
माजी नगरसेवक साहेब, एक दुरुस्ती. डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत घराची पुनर्बांधणी होऊ शकते, लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर बांधायचं आणि जलसंपदाची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला आणायचा. म्हणजे सरसकट नाही म्हणणं चूक होतं. पण खरी अडचण पुढे आहे. लाल पातळी जमिनीपासून दोन पुरुष उंच असेल तर दीड गुंठ्यावर घर असलेल्यानं खांबावर घर कसं उभं करायचं? याच नियमावलीत रेषेत अडकलेल्या जागेचा एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात मिळणारं बांधकामाचं क्षेत्रफळ, त्याच प्लॉटच्या उरलेल्या भागावर वापरता येतो, चांगली सोय आहे, पण ती ज्याचा प्लॉट मोठा त्याला. ज्याचा सगळाच प्लॉट आत, त्याच्या हातात काहीच नाही. नियम कडक असल्याचं मला वाईट वाटत नाही, तो लहान माणसावर जास्त बसतो याचं वाटतं.

वाशिष्ठीकर:
आमच्या चिपळूणचं पण ऐका. २२ जुलै २०२१ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. कोयनेच्या वीजगृहातून सुटणारं पाणी वाशिष्ठीत येतं, हा शासनाचा प्रकल्प, पात्रात वर्षानुवर्षं गाळ साठलेला, त्यामुळे पात्राची वहनक्षमता कमी झालेली, आणि त्या गाळानं भरलेल्या पात्रावर हिशोब करून रेषा आखली तर ती गावात आत आत येणारच ना. आधी गाळ काढा, मग परत मोजा, मग आखा. याला नदीविरोधी म्हणू नका, नदी आमची पण आहे.

पंचगंगेकाठची:
गाळ काढाच, कोण नको म्हणतंय. पण गाळ परत येतो, आणि गाळ काढेपर्यंत थांबा म्हणलं की तेवढ्यात इमारती उभ्या राहतात. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीला इंद्रायणीकाठी निळ्या रेषेतले ३६ बंगले मे २०२५ मधे पाडले, हरित लवादाच्या म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या आदेशावरून. लोकांनी आयुष्यभराची कमाई घातली होती त्यात. पहिली वीट लागली त्याच दिवशी कोणी जाऊन थांबवलं असतं तर एवढ्या घरांचा घास गेला नसता. आणि नियम सैल केले की काय होतं ते पण बघा, नदीकाठच्या उद्योगांवर बंधनं घालणारं २००० सालचं नदी नियंत्रण क्षेत्राचं धोरण राज्यानं २०१५ ला रद्द केलं, तेव्हा पण विकासाला अडथळा हेच कारण होतं.

माजी नगरसेवक:
ताई, चिखलीचं मान्य, भरावाचं पण मान्य, आमच्याकडे पण झालंय आणि मी सभागृहात त्यावर बोललो नाही हे खरं आहे. पण मुरूम टाकून प्लॉट पाडणारा आणि माझ्या वॉर्डातली आजी यांना एकाच नियमात बसवू नका. रेषेचे दगड जागेवर रोवा, सातबाऱ्यावर आणि प्रॉपर्टी कार्डवर नोंद करा म्हणजे घेणाऱ्याला आधी कळेल, आणि जुन्या घरांसाठी वेगळा निधी ठेवा.

पंचगंगेकाठची:
दगड रोवायला आणि सातबाऱ्यावर नोंदीला माझा पूर्ण पाठिंबा. निधी मात्र स्थलांतरासाठी पाहिजे, तिथंच परत बांधायला नको. यावर मी हटणार नाही.

नगररचनावाला:
साहेब, त्या आजींचं घर अधिकृत असेल तर जुनी घरपट्टीची पावती आणि सिटी सर्व्हेचा उतारा काढून ठेवा. एनओसीचा अर्ज मी लिहून देतो, पावसाच्या आत टाकू.