टोकियोला बदली: दोन मुलं, शाळा कोणती?

प्रश्न (पुणे)
मिस्टरांची टोकियोला बदली झाली आहे. करार तीन वर्षांचा, पण वाढेल असं सगळे म्हणतात. मुलगा सीबीएसईत चौथी संपवतोय, मुलगी मार्चमध्ये सहा पूर्ण करेल. कंपनी शाळेची फी देत नाही, म्हणून इंग्रजी इंटरनॅशनल शाळांचा विचार सोडला. उरली भारतीय शाळा, नाहीतर वॉर्डाची सरकारी जपानी शाळा. आम्हा कुणालाच जपानी येत नाही. सासूबाई म्हणतात, दोघांना एकाच शाळेत घाला, एकमेकांना धरून राहतील. मला रात्र रात्र झोप नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

उत्तर (निशी-कासाई, टोकियो, ११ वर्षं)
ताई, सासूबाईंचं मन कळतं, पण दोघांचा निर्णय वेगवेगळा घ्या. आमचा मोठा भारतीय शाळेत आहे, धाकटी घराशेजारच्या सरकारी शाळेत.

मुलीचं वय अगदी योग्य आहे. इथे वर्ष एप्रिलला सुरू होतं, ती सगळ्यांबरोबरच हिरागाना, म्हणजे जपानीची पहिली मुळाक्षरं, गिरवायला बसेल. पहिलीला कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, फक्त ८०. मुलगा पाचवीत जाईल तेव्हा मात्र वर्गातल्या बाकीच्यांच्या हाताखालून ६४२ कांजी गेलेल्या असतील. गणितात हुशार असला तरी उदाहरणच वाचता येणार नाही, आणि त्या वयात ते फार लागतं. आमच्या मोठ्याला आधी जपानी शाळेतच घातलं होतं. चार महिन्यांत पोरगं घरीसुद्धा बोलेनासं झालं, तेव्हा काढलं. आधीच का नाही काढलं, हे अजून सलतं.

परदेशी मुलांना इथे शाळेची सक्ती नाही, म्हणून वॉर्ड ऑफिसात आपण होऊन अर्ज करायचा. फी नाही. पण कागद! रोज दप्तरातून जपानी कागद येतात आणि ते त्याच रात्री वाचायचे. पहिल्या वर्षी एक कागद मी न वाचताच फ्रिजवर लावला. त्यात सहल होती, आणि सहलीला डबा घरचा न्यायचा असतो. माझी पोर डब्याशिवाय गेली. बाईंनी स्वतःचे ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, दिले. घरी येऊन रडली नाही, एवढंच म्हणाली, “आई, सगळ्यांच्या डब्याला रुमाल बांधलेला होता.”

शाकाहारी असाल तर शाळेशी आधीच बोला, शाळेच्या जेवणात भाजीच्या सूपमध्येही दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो. आम्ही महिन्याच्या जेवणाच्या तक्त्यावर खुणा करून देतो आणि त्या दिवशी डबा पाठवतो. आणि ज़ोकिन लागतील, म्हणजे फरशी पुसायची फडकी. वर्ग मुलंच पुसतात.

उत्तर (योकोहामा)
मुलाबद्दल सहमत. इंटरनॅशनल शाळा, भारतीय धरून, बहुतेक जपानच्या शालेय शिक्षण कायद्याच्या पहिल्या कलमात बसत नाहीत, म्हणजे कायद्याने त्या नेहमीच्या शाळा धरल्या जात नाहीत. तिथून नववी करून जपानी हायस्कूलला जायचं तर अडचण येते. त्यामुळे ‘आत्ता भारतीय, पुढे जपानीत टाकू’ असा बेत धरू नका. मुलाची बारावी सीबीएसईतूनच होणार, हे आजच मान्य करा. भारतीय शाळा कोटो आणि एडोगावा वॉर्डांत आहेत, घर तोझाई या मेट्रो लाइनच्या आसपास बघा.

उत्तर (टोकियोहून परत, आता पिंपरी)
मुलीच्या बाबतीत माझा अनुभव. आमची तिसरीपर्यंत जपानी शाळेत होती. परत आलो तर कांजी भराभर वाचायची आणि ‘क्ष’ पाहून थांबायची. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, त्यात तिची दमछाक झाली. रोज वीस मिनिटं देवनागरी वाचून घ्या, सुट्टीवर ढकलू नका. आम्ही ढकललं.

प्रश्नकर्ती
रुमालाचं वाचून गळा भरून आला. रात्री सासूबाईंनाही वाचून दाखवलं. मुलगा भारतीय शाळेत, मुलगी वॉर्डाच्या, असं ठरतंय. बालभारतीची पुस्तकं सामानात टाकली. ज़ोकिन इथूनच जुन्या टॉवेलची शिवून आणू का?

उत्तर (निशी-कासाई)
१०० येनच्या दुकानात शिवलेली मिळतात. बॅगेत त्याऐवजी डब्याला बांधायला दोन सुती रुमाल टाका.