ग्रेशम्सचे नामवंत माजी विद्यार्थी : श्रेय नेमके कोणाचे?

प्रश्न

इंग्लंडच्या नॉरफॉक परगण्यातील होल्ट या लहानशा गावी ग्रेशम्स ही निवासी शाळा आहे. सर जॉन ग्रेशम यांनी ती १५५५ मध्ये स्थापन केली. मात्र ईटन किंवा हॅरो यांच्याइतका तिचा दबदबा कधीच नव्हता. असे असूनही कवी डब्ल्यू. एच. ऑडेन, संगीतकार बेंजामिन ब्रिटन, मज्जातंतूंमधील विद्युत्संदेशांवरील कामासाठी १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे ॲलन हॉजकिन, हॉवरक्राफ्टचे (हवेच्या गादीवर पाण्यावरून आणि जमिनीवरून चालणाऱ्या वाहनाचे) जनक ख्रिस्तोफर कॉकरेल आणि पुढे सोव्हिएत संघाचा हेर निघालेला डोनाल्ड मॅक्लीन हे सारे १९२० ते १९३२ या अवघ्या बारा वर्षांच्या काळात तेथे शिकत होते. याला निव्वळ योगायोग म्हणावे, की त्या शाळेत खरोखरच काही वेगळे चालले होते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पहिले उत्तर

वेगळे निश्चितच होते, आणि त्याची सुरुवात जॉर्ज हाउसन या मुख्याध्यापकांपासून होते. ते १९०० मध्ये आले तेव्हा ग्रेशम्स ही मूठभर मुलांची ग्रामीण शाळा होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर नव्या इमारती आणि नवी वसतिगृहे उभी राहून तिचे नाव देशभर झाले होते. त्या काळच्या बहुतेक पब्लिक स्कूलांमध्ये (इंग्लंडात या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खासगी शाळांमध्ये) ग्रीक, लॅटिन आणि खेळाचे मैदान हेच सर्वस्व असताना हाउसन यांनी अभिजात भाषांचे वजन कमी करून विज्ञान, आधुनिक भाषा आणि संगीत यांना जागा दिली आणि छडीचा वापर जवळजवळ बंद केला. त्यामुळे उदारमतवादी, सुशिक्षित, पण सरंजामी वळणाच्या शाळांना कंटाळलेल्या पालकांना ही शाळा आपलीशी वाटली. बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ हे हाउसन यांच्याच काळातील विद्यार्थी. प्रश्नातली नावे मात्र त्यांच्यानंतरच्या, जे. आर. एकल्स यांच्या कारकिर्दीतली आहेत. (हॉजकिन यांच्यासोबत नोबेल वाटून घेणारे जॉन एकल्स हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ निराळे, आडनावामुळे घोटाळा होऊ नये.)

दुसरे उत्तर

वरील उत्तरातील पालकांचा उल्लेख मला कळीचा वाटतो, आणि त्याच कारणाने मी शाळेला इतके श्रेय देणार नाही. कॉकरेल यांचे वडील केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाचे संचालक होते, ऑडेन यांचे वडील डॉक्टर, मॅक्लीनचे वडील लिबरल पक्षाचे नेते आणि पुढे मंत्री, तर हॉजकिन हे विद्वान क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) घराण्यातले. अशा घरांतली मुले कोठेही शिकली असती तरी ग्रंथ, प्रयोग आणि वादविवाद यांच्यातच वाढली असती. शिवाय माजी विद्यार्थ्यांच्या यादीत प्रत्येकाचे वजन सारखे दिसते, पण प्रत्यक्षात तसे नसते. ब्रिटन तेथे जेमतेम दोन वर्षे होते, तीही फारशी सुखाची नव्हती, आणि संगीतरचनेचे त्यांचे खरे गुरू फ्रँक ब्रिज हे शाळेबाहेरचेच होते. शाळेतील संगीतशिक्षक वॉल्टर ग्रेटोरेक्स यांच्याशी त्यांचे मुळीच जुळले नाही; याच ग्रेटोरेक्स यांच्याविषयी ऑडेन यांनी मात्र पुढे अतिशय आदराने लिहिले. कवी स्टीफन स्पेंडर यांचेही नाव यादीत असते; ते तर तेथे इतके दुःखी होते की लवकरच दुसऱ्या शाळेत गेले.

तिसरे उत्तर

दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून गेली, आणि माझ्या मते या शाळेचे खरे वेगळेपण तीच होती. हाउसन यांनी छडी बाजूला ठेवली, पण तिच्या जागी 'ऑनर सिस्टीम' आणली. धूम्रपान, अपशब्द आणि अश्लील वर्तन यांपासून दूर राहण्याचे वचन प्रत्येक नव्या मुलाकडून घेतले जाई. वचन मोडले तर त्याने स्वतः कबुली द्यायची. दुसऱ्याने मोडल्याचे कळले तर आधी त्याला कबुलीस राजी करायचे आणि तो ऐकेना तर शिक्षकांना सांगायचे, अशी ती व्यवस्था होती. ऑडेन यांनी १९३४ मध्ये या पद्धतीवर कठोर टीका केली. तिने आपल्याला फॅसिस्ट राजवटीचा अनुभव शाळेतच दिला, असा त्यांचा आरोप होता. मॅक्लीन आणि त्याचा वर्गमित्र, पुढे ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचा इतिहासकार झालेला जेम्स क्लुगमन, हे दोघेही याच व्यवस्थेत वाढले. मनातले मनात ठेवून वरकरणी निष्ठावान राहण्याचा सराव मॅक्लीनला येथेच झाला, असा तर्क अनेकदा केला जातो. मला तो आकर्षक वाटतो, पण पुरेसा वाटत नाही, कारण त्याच वसतिगृहांतून हॉजकिन यांच्यासारखी सरळ वाटेने चालणारी माणसेही बाहेर पडली, आणि मॅक्लीनसोबत १९५१ मध्ये मॉस्कोला पळालेला दुसरा हेर गाय बर्जेस तर ईटनचा होता.

एर्स्किन चाइल्डर्स यांचा उल्लेख येथे व्हायलाच हवा. १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये आयरिश यादवी युद्धात त्यांच्या वडिलांना नव्या सरकारने गोळ्या घातल्या, तेव्हा ते ग्रेशम्समध्ये शिकत होते. मृत्युदंडाच्या आदेशावर सह्या करणाऱ्यांशी हस्तांदोलन करीन, असे वचन वडिलांनी सोळा वर्षांच्या मुलाकडून घेतले होते. मुलगा शाळेत परतला, नंतर केंब्रिजला गेला आणि १९७३ मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

चौथे उत्तर

चर्चा त्या बारा वर्षांतच अडकली आहे म्हणून थोडी भर घालतो. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेले गिर्यारोहक अर्विन यांची मानली जाणारी बर्फकुऱ्हाड १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ज्यांना सापडली, ते पर्सी विन-हॅरिस याच शाळेचे. अलीकडच्या काळातली अभिनेत्री ऑलिव्हिया कोलमन हिचेही नाव घेता येईल, पण तीही येथे शालेय जीवनाच्या शेवटच्या टप्प्यात आली. मुलींना प्रवेशच मुळात १९७० च्या दशकात मिळू लागला.

शाळेचे ऋण सर्वांत स्पष्ट दिसते ते व्हॅक्यूम क्लीनरसाठी प्रसिद्ध असलेले संशोधक-उद्योजक जेम्स डायसन यांच्या बाबतीत. त्यांचे वडील तेथेच अभिजात भाषा शिकवत असत. १९५६ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा शुल्काचा भार शाळेने उचलला आणि मुलांचे शिक्षण चालू राहिले. याच डायसन यांनी २०१९ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञानाच्या इमारतीसाठी शाळेला १ कोटी ८७ लाख ५० हजार पौंडांची देणगी दिली.