आखातातून रत्नागिरीला घरी पैसे: खातं कुणाच्या नावावर असावं?

खाडीपट्टा: दुबईत फोरमन असलेला माणूस दरमहा २,००० दिरहम घरी पाठवतो. सगळे बायकोच्या बचत खात्यात जातात, उरतील त्यांची तिच्याच नावावर एफडी होते. त्याचं स्वतःचं जुनं बचत खातंही चालूच आहे. यात पैसे कुठे गळतात? आणि साठलेल्या पैशातून आंब्याची बाग घेता येईल का?

हिशेबनीस: आधी जुनं खातं. नोकरीसाठी परदेशी गेलेल्याला साधं बचत खातं ठेवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. जोडीला एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं रुपयातलं खातं) उघडा. घरखर्चापुरते पैसे बायकोच्या खात्यात, बाकीचे एनआरईत. एनआरईच्या व्याजावर इथे आयकर नाही आणि पैसे हवे तेव्हा बाहेर नेता येतात. नवऱ्याने दिलेल्या पैशावर बायकोला कर लागत नाही हे खरं, पण त्या पैशाच्या एफडीचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

एनआरईत इथली रोकड भरता येत नाही. घरभाडं वगैरे एनआरओत टाका. तिथल्या व्याजावर ३० टक्के टीडीएस (बँकेतच कापला जाणारा आयकर) आणि वर सेस म्हणजे उपकर कापला जातो. एनआरईची एफडी किमान वर्षाची असते, वर्षाच्या आत मोडलीत तर व्याज शून्य. बायकोला पैसे काढता यावेत म्हणून बँकेत मँडेट (तिला तुमच्या खात्यावर व्यवहाराचा अधिकार देणारं पत्र) देऊन ठेवा.

दर्यावर्दी: नुसती फी बघू नका, खरा मार दरात बसतो. समजा बाजारात दिरहम २३ रुपये आहे आणि एक्स्चेंजवाला २२.८० देतो. २,००० दिरहमवर ४०० रुपये तिथेच गेले. फी २० दिरहम असेल तर आणखी ४६०. फी ठरावीक असते, त्यामुळे पाचशे-पाचशे करून चार वेळा पाठवणं सगळ्यात महाग. दोन-तीन ठिकाणी एवढंच विचारा: "२,००० दिले तर खात्यात नेमके किती रुपये पडतील?"

नाव पासबुकावर आहे अगदी तसंच लिहा. बँक विलीन झाली असेल तर नवा आयएफएससी घ्या, नाहीतर पैसे फिरून परत येतात. हुंडीच्या, म्हणजे बँकेबाहेरून बेकायदा पैसे पाठवण्याच्या, वाटेला जाऊच नका. पावती नाही, फेमाखाली (परकीय चलनाचा कायदा) दंड रकमेच्या तिपटीपर्यंत, आणि उद्या घरकर्ज मागायला गेलात तर उत्पन्नाचा कागदच नाही.

चिरेखाण: बाग विकत घेता येणार नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस खरेदी करता येत नाही. घर, फ्लॅट, बिनशेती प्लॉट चालतो. "नंतर माझ्या नावावर करू" म्हणून भावाच्या एकट्याच्या नावावर घेतलीत तर सातबारा भावाचा, आणि व्यवहार बेनामी ठरण्याची भीती वेगळीच.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात आलेल्या अशा पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के होता, केरळचा १९.७. पण त्यावरून रत्नागिरीतल्या राजापूर-मंडणगडचं काही कळत नाही. तिथे पैसा मुख्यतः घरात जातो. चिरा (जांभा दगड) गावचा, पण सिमेंट, सळई, टाइल्स बाहेरच्या. गवंड्याला वर्षभर काम मिळतं, मग घराला कुलूप. बागेतल्या राखणदाराचा पगार नेपाळला जातो. उरलेली रक्कम एफडीत, आणि ती बँक कर्ज देते दुसरीकडेच. गावात पैसा येतो पण फिरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

खाडीपट्टा: बाग वडिलांच्या नावावर आधीच असेल तर?

चिरेखाण: मग प्रश्नच नाही, वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते. वडिलांच्या पश्चात तलाठ्याकडे वारसनोंद तेवढी वेळेत करा. पैसा तिथेच घाला: विहीर, पंप, जुन्या कलमांची छाटणी. निदान त्याची मजुरी तरी तालुक्यात राहते.