मदत हवी आहे: शाळेतल्या आरतीबद्दल आणि पक्षाच्या वह्यांबद्दल तक्रार कुठे करायची?

नमस्कार. मुलगी नाशिकच्या सातपूर भागात महापालिकेच्या शाळेत पाचवीला आहे. मध्यंतरी एका पक्षाच्या लोकांनी वर्गात वह्या वाटल्या, मुखपृष्ठावर नेत्याचा फोटो आणि पक्षाचं चिन्ह. आता परिपाठात आरतीही सुरू झालीय. पालकांना कुणी विचारलं नाही. आमच्या घरी रोज देवापुढे दिवा लागतो, आरतीशी माझं भांडण नाही. पण तिच्या वर्गात इतर धर्मांची मुलं आहेत, ती खाली मान घालून उभी राहतात. हे मला बघवत नाही.

घटनेचं कलम २८ वाचलं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. नाशिकच्याच एका शिक्षकाला प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय. पक्षाच्या प्रचारासाठी मात्र कोणता नियम दाखवू?

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. तिथे ठराव मांडू, की थेट महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज देऊ? राग मुलीवर निघायला नको, एवढीच धास्ती आहे. कुणी असा अर्ज केला असेल तर मजकूर पाठवाल का?