आठवीत ‘अणूचे अंतरंग’: घाई होतेय का?

माणदेशी (धागाकर्ती)

मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात पेशीरचना येते आणि आठवीत ‘अणूचे अंतरंग’. या धड्यात डाल्टन, थॉमसन, रुदरफोर्ड, बोर, मग के-एल-एम-एन कवचं (इलेक्ट्रॉन ज्या थरांत फिरतात ते), संयुजा (अणूची इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता), समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) आणि शेवटी थेट अणुभट्टी. शंभराहून जास्त वर्षांचं काम आपण तेरा वर्षांच्या मुलांपुढे मोजक्या तासिकांत उरकतो.

माझं मत स्पष्ट आहे. या तीन वर्षांत पेशी नीट दाखवा. बघायला, मोजायला, बघितलेलं लिहायला शिकवा. अणूबद्दल पुराव्यानिशी जेवढं सांगता येईल तेवढंच सांगा आणि इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन, हे नववीत न्या.

का, ते सांगते. कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून वर आयोडीनचा थेंब टाकला की आच्छादन काच एका कडेने टेकवून हळू सोडावी लागते, नाहीतर हवा अडकते. पहिल्यांदा बघणारी बरीच मुलं त्या बुडबुड्यांनाच पेशी समजतात. काळी जाड कडा असलेली गोल वर्तुळं, पेशी अशीच असणार असं त्यांना वाटतं. मी तेव्हा उत्तर देत नाही. “काच हलक्या हाताने दाब, सरकतंय का बघ,” एवढंच म्हणते. सरकला तर बुडबुडा. मग एकमेकींना चिकटलेल्या लांबट पेशी ओळखू येतात, पिवळसर केंद्रक दिसतं. आकृती काढताना एखादी मुलगी पुस्तकातून तंतुकणिका (पेशीतले ऊर्जा तयार करणारे बारीक भाग) उतरवते आणि शेजारची तिला विचारते, “तुला दिसल्या का?” तिथे विज्ञान सुरू होतं. अणूच्या धड्यात ही वेळच येत नाही. मूल सोडियमचं संरूपण २, ८, १ लिहितं, गुण मिळवतं, आणि “हे कशावरून?” विचारलं की “पुस्तकात दिलंय” म्हणतं.

डोंगरवाट

ताई, साफ असहमत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमची मुलं आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा देतात. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. त्या पैशावर मुलगी बारावीपर्यंत शिकते की नववीतच घरी बसते, हे ठरताना मी पाहिलंय. तिच्यातल्या शालेय क्षमता चाचणीच्या ९० गुणांत विज्ञानाचे ३५ असतात आणि त्यात कवचं, संयुजा, रेणुसूत्रं यांवर प्रश्न येतात. तुम्ही म्हणता नववीत न्या. शहरातली मुलं क्लासला जाऊन ते शिकतीलच. माझ्या वर्गाला मी सोडून कोण शिकवणार?

आणि सूक्ष्मदर्शीचं म्हणाल तर आमच्याकडे एकच आहे, त्याच्या भिंगावर बुरशी धरलीये. पस्तीस मुलांनी रांगेत उभं राहून बघायचं म्हटलं तर तासिका संपते.

रसायनी

मलाही धागाकर्तीचं पटत नाही, पण कारण वेगळं आहे. दिसत नाही म्हणून शिकवू नका, हा विज्ञानाचा नियम कधीपासून झाला? दिसत नाही त्याबद्दल खात्रीने कसं बोलायचं, हेच तर शिकवायचंय.

५० मिलिलीटर पाणी आणि ५० मिलिलीटर अल्कोहोल मोजपात्रात एकत्र करा. १०० भरत नाही, ९६-९७ च्या आसपास येतं. बाकीचं कुठे गेलं? हा प्रश्न सातवीच्या मुलाला पडतो आणि कणांशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

तुमच्याच सूक्ष्मदर्शीकडे या. पेशीतल्या केंद्रकाला १८३१ साली नाव देणारा रॉबर्ट ब्राऊन आणि १८२७ मध्ये परागकणांमधल्या बारीक कणांची न थांबणारी थरथर नोंदवणारा ब्राऊन एकच. ती थरथर पाण्याच्या रेणूंच्या धडकांमुळे होते, हे गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलं. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ पेराँने प्रयोगाने ते पक्कं केलं आणि मग अणू नाकारणारे जवळपास गप्प झाले. दुधाचा एक थेंब भरपूर पाण्यात मिसळा आणि ४०० पट मोठा करून बघा. स्निग्धाचे बारीक गोळे जागच्या जागी थरथरताना दिसतात. पेशी आणि अणू एकाच तासाला, एकाच यंत्राखाली. मग अणू मागे कशाला ढकलायचा?

फ्रीमाँटकर

इकडची माहिती देतो, माझी लेक सातवीत आहे. कॅलिफोर्नियाने २०१३ चे ‘नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स’ स्वीकारले आहेत. त्यात सहावी ते आठवी हा एकच गट आहे. अणू आहे: साध्या रेणूंची आणि स्फटिकासारख्या विस्तृत रचनांची प्रतिकृती करून समजावा. पण मूल्यमापनात संयुजा इलेक्ट्रॉन आणि बंधऊर्जा येणार नाहीत, असं स्पष्ट लिहिलंय. पेशीबद्दल वाक्यच असं आहे की सजीव पेशींचे बनलेले असतात याचा पुरावा मुलांनी स्वतः तपासणी करून द्यावा.

म्हणजे कागदावर माणदेशींच्या बाजूचं. तरी मला एक खटकतं. मुलीला मिथेनची प्रतिकृती जोडता येते, पण सोडियमची संज्ञा विचारली तर सांगता येत नाही. पाठांतराला इतकं हिणवू नये. काही गोष्टी तोंडी असल्या की पुढचा विचार अडत नाही.

माणदेशी

रसायनी, दुधाची थरथर मी नक्की दाखवेन. पण तो पुरावा कणांचा आहे, कवचांचा नाही. बोरने १९१३ मध्ये मांडलेली कवचं हायड्रोजनच्या वर्णपटातल्या (त्याच्या प्रकाशातल्या वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यातल्या) रेषांवर उभी आहेत आणि त्या रेषा मी आठवीत दाखवू शकत नाही. कण आठवीत, कवचं नववीत, एवढंच तर मी म्हणतेय.

डोंगरवाट सर, सूक्ष्मदर्शीसाठी कागदी फोल्डस्कोप बघा. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने केलेला, १४० पट मोठं दाखवतो, कांद्याच्या पेशी व्यवस्थित दिसतात. चार-पाच मुलांत एक दिला तरी रांग लागत नाही. शिष्यवृत्तीचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर उपाय परीक्षेत हवा. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये मध्य प्रदेशात १६ शाळांत सुरू झाला. सहावी ते आठवीच्या मुलांना पुस्तक उघडं ठेवून लेखी परीक्षा द्यायची आणि प्रात्यक्षिक वेगळं. सरकारी शाळांत, गावांत हे चाललं.

डोंगरवाट

आणि २००२ मध्ये सरकारनेच बंद केलं, तेही सांगा. परीक्षा बदलेल तेव्हा बदलेल. यंदाच्या मुलांनी काय करायचं? २, ८, १ अर्धवट समजून का होईना, त्यांना आलंच पाहिजे.

फोल्डस्कोपसाठी आभार. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मागणी करतो.

रसायनी

कवचांवरून तुम्हा दोघांचं जुळेल असं वाटत नाही. मी रेणूच्या आकाराबद्दल सांगतो, कारण आठवीतलं मूल रेणूची लांबी स्वतः मोजू शकतं हे फारसं कोणी करून बघत नाही.

रुंद परातीत पाणी, वर टाल्कम पावडर भुरभुरवा. बारीक तारेच्या टोकावर ऑलिव्ह तेलाचा अर्धा मिलिमीटर व्यासाचा थेंब घ्या, मोजपट्टीशेजारी धरून भिंगातून मोजा आणि पाण्याला टेकवा. पावडर झटकन बाजूला सरते आणि साधारण २० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं होतं. थेंबाचं घनफळ भागिले वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे थराची जाडी. येते सुमारे २ नॅनोमीटर. थर याहून पातळ होत नाही, कारण तो एका रेणूइतकाच जाड असतो.

डोंगरवाट

गोलाचं घनफळ नववीला आहे, सर.

रसायनी

मग गोल नको. ०.४ मिलिमीटर बाजूचा घन धरा, ०.०६४ घन मिलिमीटर येतं, अर्ध्या मिलिमीटरच्या गोलाच्या अगदी जवळ. घन आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवीच्या मुलांना जमतं. उत्तर दुप्पट किंवा निम्मं आलं तरी चालेल. कोट्यवधी पट लहान गोष्ट आपल्या परातीत मोजली, हे महत्त्वाचं.

माणदेशी

हेच हवंय मला आठवीच्या पुस्तकात, अणुभट्टीच्या आकृतीच्या जागी.

डोंगरवाट सर, करून बघणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. परात साबणाने घासली असेल तर चार-पाच पाण्यांनी धुवा. साबणाचा अंश राहिला तर तेल टेकवण्याआधीच पावडर फाकते आणि प्रयोग तिथेच फसतो. पावडर अगदी विरळ, जाड थर झाला तर तेलाला पसरता येत नाही. प्रत्येक गटाला वेगळं पाणी घ्यायला लावा. कवचं नववीतच, यावर मी अजून ठाम आहे.

डोंगरवाट

तेल करतो, कवचंही शिकवतो. सोमवारी आठवीची जोडतासिका आहे.